एव्हरार्ड कॅलथ्रॉप

एव्हरार्ड रिचर्ड कॅलथ्रॉप (३ मार्च, इ.स. १८५७ – ३० मार्च, इ.स. १९२७) हे ब्रिटिश रेल्वे अभियंता व संशोधक होते. महाराष्ट्रातील बार्शी लाइट रेल्वेचे ते प्रवर्तक आणि सल्लागार अभियंता होते. इंग्लंडमध्ये बांधून परदेशांतील अरुंदमापी मार्गांवर पाठवायची इंजिने व डबे तेथील हलक्या रुळांना साजेसे कसे असावेत, याविषयी त्यांनी मांडलेले विचार बार्शीच्या मार्गावर प्रथम पूर्णपणे अमलात आले. नेरळ–माथेरान रेल्वेची वाफेची इंजिनेही त्यांच्याच आराखड्यानुसार तयार झाली. आयुष्याच्या उत्तरार्धात त्यांनी वैमानिकांसाठी 'गार्डियन एंजल' नावाचे पॅराशूट विकसित केले. पाश्चात्त्य देशांत त्यांचे नाव मुख्यतः या पॅराशूटमुळे घेतले जाते. सोलापूर, धाराशिव आणि लातूर या जिल्ह्यांच्या दृष्टीने मात्र त्यांचे रेल्वेचे काम कितीतरी अधिक महत्त्वाचे आहे.

सुरुवातीचे जीवन

कॅलथ्रॉप यांचा जन्म इंग्लंडमधील लिंकनशायर परगण्यात डीपिंग येथे एका शेतकरी कुटुंबात झाला. भावंडांमध्ये ते थोरले होते. त्यांचे धाकटे बंधू सर गाय कॅलथ्रॉप हे पुढे लंडन अँड नॉर्थ वेस्टर्न रेल्वेचे सरव्यवस्थापक झाले. एव्हरार्ड यांचे शालेय शिक्षण अपिंगहॅम येथे झाले. त्यानंतर त्यांनी रॉबर्ट स्टीफन्सन आणि कंपनी या इंजिने बांधणाऱ्या जुन्या कारखान्यात कामाला सुरुवात केली. इ.स. १८७४ मध्ये लंडन अँड नॉर्थ वेस्टर्न रेल्वेच्या क्रू येथील कारखान्यात ते उमेदवार म्हणून दाखल झाले आणि इ.स. १८७९ मध्ये ग्रेट वेस्टर्न रेल्वेच्या सेवेत गेले. डबे व वाघिणी बांधण्याच्या कामाचा अनुभव त्यांना येथे मिळाला. त्या काळातील बहुतेक अभियंते एक तर इंजिनाचे जाणकार असत किंवा डब्यांचे. कॅलथ्रॉप यांना दोन्ही बाजू ठाऊक होत्या, आणि पुढे गाडीचा विचार एकसंध यंत्र म्हणून करताना याचा त्यांना उपयोग झाला असे दिसते.

भारतातील नोकरी

इ.स. १८८२ मध्ये कॅलथ्रॉप ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेत (जी.आय.पी. रेल्वे) लोकोमोटिव्ह निरीक्षक म्हणून रुजू झाले. या कंपनीने इ.स. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे हा मार्ग सुरू केला होता. आज मुंबई उपनगरांत मोडणारी घाटकोपर, भांडुप, मुलुंड ही ठिकाणे याच मार्गावर आहेत. पुढे इ.स. १८६० पर्यंत लोहमार्ग सोलापूरला पोहोचला, इ.स. १८६३ मध्ये भोर घाटातील चढ खुला झाल्याने मुंबई आणि दख्खन यांच्यातील सलग वाहतूक सुरू झाली आणि इ.स. १८७१ मध्ये हा मार्ग रायचूरपर्यंत जाऊन मद्रासकडून येणाऱ्या मार्गाला मिळाला. कॅलथ्रॉप भारतात आले तेव्हा मुख्य मार्गांची उभारणी बऱ्याच अंशी झालेली होती.

मुख्य मार्गापासून दूर असलेल्या बाजारपेठांची स्थिती मात्र वेगळी होती. जी.आय.पी. रेल्वेचा मार्ग १६७६ मिमी रुंदीचा, म्हणजे साडेपाच फुटी होता. त्यासाठी लागणारे जड रूळ, रुंद भराव, मोठे पूल आणि सौम्य वळणे यांचा खर्च एखाद्या तालुक्याच्या गावाच्या वाहतुकीतून भरून निघणे अवघड होते. त्यामुळे धान्य, कापूस व गळिताचा माल बैलगाडीने स्थानकापर्यंत येई. पावसाळ्यात काळ्या मातीच्या वाटा चिखलाने बंद होत आणि माल आठवडेच्या आठवडे अडून राही. मुख्य मार्गाला येऊन मिळणारे स्वस्त, अरुंद पूरक मार्ग बांधले तर ही कोंडी फुटेल आणि मुख्य मार्गाची वाहतूकही वाढेल, असे कॅलथ्रॉप यांचे मत बनले. नोकरीत असतानाच इ.स. १८८६ च्या सुमारास त्यांनी अशा मार्गांच्या पाहणीचे काम हाती घेतले.

बार्शीचा प्रस्ताव

सोलापूर जिल्ह्यातील बार्शी हे गाव तेव्हा निजामाच्या राज्याच्या सीमेलगत होते. बालाघाटच्या डोंगराळ भागातील आणि पलीकडच्या लातूर परिसरातील कापूस व धान्य बार्शीच्या बाजारात येत असे. तेथून सर्वांत जवळचे रेल्वे स्थानक सुमारे ३५ किमी अंतरावर होते. त्या स्थानकाचे नाव बार्शी रोड. आजचे कुर्डुवाडी ते हेच. पंढरपूरला जाणारे अनेक यात्रेकरूही याच स्थानकावर उतरत आणि पुढचे सुमारे ५० किमी अंतर बैलगाडीने किंवा पायी जात. बाजारपेठ आणि तीर्थक्षेत्र या दोन्हींची वाट एकाच स्थानकातून जात असल्याने कॅलथ्रॉप यांनी आपल्या प्रयोगासाठी बार्शीची निवड केली.

जी.आय.पी. रेल्वेने स्वतः असा मार्ग बांधावा यासाठी त्यांनी केलेल्या प्रयत्नांना यश आले नाही. दोन वेगळ्या मापांचे मार्ग जोडल्यास जोडस्थानकावर सर्व माल एका वाघिणीतून दुसरीत हलवावा लागतो, हा अरुंद मार्गांवरचा नेहमीचा आक्षेप होता आणि तो अगदीच चुकीचा नव्हता. मात्र कॅलथ्रॉप यांच्या दृष्टीने येथे निवड रुंद मार्ग आणि अरुंद मार्ग यांच्यात नव्हती, तर अरुंद मार्ग आणि बैलगाडी यांच्यात होती. बैलगाडीतला माल बार्शी रोडला हलवावा लागतच होता.

पुढे त्यांनी जी.आय.पी. रेल्वेची नोकरी सोडली व इंग्लंडला परतून सल्लागार अभियंता म्हणून व्यवसाय सुरू केला. बार्शीचा नाद मात्र त्यांनी सोडला नाही. इ.स. १८९५ मध्ये लंडन येथे बार्शी लाइट रेल्वे कंपनीची स्थापना झाली आणि कॅलथ्रॉप तिचे सल्लागार अभियंता झाले. पहिल्या पाहणीपासून कंपनी उभी राहीपर्यंत जवळजवळ एक दशक गेले होते.

आसभाराचा सिद्धान्त

कॅलथ्रॉप यांच्या रेल्वेविषयक विचारांचे केंद्र आसभार हे होते. रुळावर संपूर्ण गाडीचे वजन एकाच ठिकाणी पडत नाही. चाकांच्या प्रत्येक जोडीतून, म्हणजे प्रत्येक आसातून, ते वेगवेगळ्या ठिकाणी पडते. रूळ किती जाड हवा, स्लीपर किती जवळ हवेत, पुलाची तुळई किती भक्कम हवी, हे सर्व त्या मार्गावरून जाणाऱ्या सर्वांत जड आसावर ठरते. गाडीत वीस वाघिणींचा आसभार ३ टन आणि इंजिनाचा ८ टन असेल, तर संपूर्ण मार्ग ८ टनांसाठी बांधावा लागतो. म्हणजे एका इंजिनासाठी मैलोगणती जड रुळांचा खर्च होतो आणि वाघिणी त्या रुळांच्या क्षमतेचा अर्धाही उपयोग करीत नाहीत.

यावर कॅलथ्रॉप यांनी सुचवलेला उपाय दिसायला सोपा होता. आधी रूळ ठरवायचा, त्याला झेपेल तो आसभार निश्चित करायचा आणि मग इंजिन, प्रवासी डबे, मालवाघिणी अशा सर्वच वाहनांना तोच आसभार लावायचा. बार्शीसाठी त्यांनी मार्गाची रुंदी अडीच फूट (७६२ मिमी), रुळाचे वजन दर यार्डाला ३० पौंड (मीटरला सुमारे १५ किलोग्रॅम) आणि आसभार ५ टन धरला. चार आसांची बोगी वाघीण असल्यास भरलेल्या अवस्थेत तिचे वजन २० टनांपर्यंत जाऊ शकते. त्या काळच्या अरुंद मार्गांवर दोन आसांच्या छोट्या वाघिणी सर्रास वापरल्या जात, त्या तुलनेत ही क्षमता फार मोठी होती. अरुंद मार्ग म्हणजे खेळण्यासारखी लहान गाडी, ही समजूत त्यांनी याच गणिताने खोडून काढली.

मात्र २० टनांपैकी वाघिणीचेच वजन जास्त असेल तर गणित फसते. ओझ्याच्या मानाने वाहन हलके असावे लागते. यासाठी कॅलथ्रॉप यांनी लीड्स फोर्ज या कंपनीची मदत घेतली. सॅमसन फॉक्स यांच्या या कारखान्यात पोलादी पत्रा तापवून मोठ्या दाबयंत्राखाली आकार देण्याचे तंत्र विकसित झाले होते. अशा दाबून घडवलेल्या भागांपासून केलेल्या चौकटी लाकडी किंवा जोडपट्ट्यांच्या चौकटींपेक्षा हलक्या आणि मजबूत असत. भारतातल्या उन्हात आणि वाळवीत लाकूड किती टिकते हे जी.आय.पी. रेल्वेत काम केलेल्या माणसाला वेगळे सांगण्याची गरज नव्हती. निरनिराळ्या प्रकारच्या वाहनांसाठी शक्यतो सारखेच सांगाडे व बोगी वापरावेत, म्हणजे सुटे भाग कमी ठेवावे लागतील, यावरही त्यांचा भर होता. कारखान्यापासून हजारो मैल दूर चालणाऱ्या मार्गासाठी ही बाब महत्त्वाची होती.

बार्शीचे इंजिन

५ टनांच्या मर्यादेत इंजिन बसवणे हा या योजनेतला सर्वांत कठीण भाग होता. वाफेच्या इंजिनाची ओढण्याची ताकद केवळ बाष्पक आणि सिलिंडर यांवर अवलंबून नसते. चालक चाकांवर पुरेसे वजन नसेल तर चाके रुळावर घसरतात. वजन वाढवावे तर आसभाराची मर्यादा ओलांडली जाते. अशा वेळी एकच मार्ग उरतो, तो म्हणजे चालक आसांची संख्या वाढवणे. परंतु आस वाढले की इंजिनाचा ताठ भाग लांब होतो आणि ते तीव्र वळणावर अडते.

लीड्स येथील किटसन आणि कंपनीने कॅलथ्रॉप यांच्या अपेक्षेनुसार जे इंजिन बांधले ते ०-८-४ टी या रचनेचे होते. या अंकांत पहिला अंक पुढच्या मार्गदर्शक चाकांचा, दुसरा चालक चाकांचा आणि तिसरा मागच्या आधारचाकांचा असतो. 'टी' म्हणजे पाणी व कोळसा स्वतःवरच वाहणारे टँक इंजिन. चार चालक आसांवर प्रत्येकी ५ टन याप्रमाणे २० टन वजन रुळाची पकड घेण्यासाठी उपलब्ध झाले. कोळशाची पेटी आणि चालकाची खोली मागच्या चारचाकी बोगीवर आली. कोळसा व पाणी संपत जाते तसे टँक इंजिनाचे वजन बदलत असते, त्यामुळे हा बदलता भार बोगीवर टाकणे सोयीचे होते.

अडीच फुटी मार्गावर आठ चालक चाकांचे इंजिन त्या काळी असामान्य होते. त्यातही एक उणीव होती: पुढच्या बाजूला मार्गदर्शक चाके नव्हती. बार्शी लाइट रेल्वेने पुढे घेतलेल्या 'बी' वर्गाच्या इंजिनांना ४-८-४ टी अशी, म्हणजे पुढे व मागे दोन्हीकडे बोगी असलेली रचना देण्यात आली.

सर्व साहित्य भारतात रवाना करण्यापूर्वी लीड्सजवळ न्यूले येथे तात्पुरता मार्ग टाकून त्यावर इंजिन व वाहने चालवून दाखवण्यात आली. बार्शीला काही बिघडले तर दुरुस्त करण्यासाठी मोठा कारखाना जवळ नव्हता, म्हणून ही चाचणी आवश्यक होतीच. पण त्यामागे दुसराही हेतू होता. वसाहतींतील आणि इतर देशांतील रेल्वे कंपन्यांना ही पद्धत प्रत्यक्ष दाखवून पटवायची होती. कॅलथ्रॉप आपल्या कामाचे उत्तम प्रचारक होते, हे मान्य करावे लागते.

बार्शी लाइट रेल्वे

बार्शी रोड ते बार्शी हा मार्ग इ.स. १८९७ मध्ये वाहतुकीस खुला झाला. इ.स. १९०६ मध्ये बार्शी रोडपासून पंढरपूरपर्यंतचा मार्ग सुरू झाला. दुसऱ्या दिशेला बार्शीपासून येडशीमार्गे लातूरपर्यंत मार्ग वाढवण्यात आला आणि इ.स. १९११ मध्ये तो लातूरला पोहोचला. इ.स. १९२७ मध्ये पंढरपूरपासून सांगोला, कवठे महांकाळ या बाजूने मिरजेपर्यंतचा भाग पूर्ण झाला. मिरज ते लातूर असा सुमारे ३२५ किमी लांबीचा हा मार्ग एकाच खासगी कंपनीच्या ताब्यातील मोठ्या अरुंदमापी मार्गांपैकी एक ठरला.

या मार्गाचा लातूरच्या वाढीशी जवळचा संबंध आहे. आधी बार्शीला येणारा माल आता लातूरलाच गाडीत भरता येऊ लागला आणि लातूर स्वतंत्र बाजारपेठ म्हणून पुढे आले. बार्शीच्या व्यापाऱ्यांसाठी आणलेल्या रेल्वेने बार्शीला एक प्रतिस्पर्धी निर्माण करून दिला, असेही म्हणता येईल. आषाढी व कार्तिकी वारीच्या दिवसांत पंढरपूरच्या गाड्यांवर अतोनात ताण येई. प्रवासी डबे अपुरे पडत आणि मालवाघिणींतूनही वारकरी नेले जात. डबे व वाघिणी सारख्याच क्षमतेच्या सांगाड्यावर उभ्या असल्याचा लाभ अशा वेळी होत असे.

कुर्डुवाडीला माल एका गाडीतून दुसरीत हलवण्याचे काम मात्र शेवटपर्यंत चालू राहिले. ते पोती वाहणाऱ्या हमालांच्या पाठीवरूनच होत असे.

बार्शीच्या अनुभवानंतर भारतात अरुंद मार्गांसाठी ७६२ मिमी ही रुंदी मोठ्या प्रमाणावर स्वीकारली गेली. कालका–सिमला रेल्वे आधी दोन फुटी करण्याचे ठरले होते. लष्करी खात्याच्या आग्रहामुळे तिची रुंदी इ.स. १९०१ मध्ये बदलून अडीच फूट करण्यात आली.

इतर मार्ग

बार्शीनंतर कॅलथ्रॉप यांच्याकडे इतर ठिकाणांहून कामे येऊ लागली. कॅरिबियन समुद्रातील बार्बाडोस बेटावरची तोट्यात गेलेली रेल्वे इ.स. १८९८ मध्ये साडेतीन फुटांवरून अडीच फुटी करण्यात आली, तेव्हा ते सल्लागार होते. ब्रह्मदेशातील आराकान लाइट रेल्वेचे सल्लागार म्हणूनही त्यांनी काम पाहिले. तेथे बायर-पीकॉक कंपनीची गॅरेट पद्धतीची, म्हणजे दोन स्वतंत्र चाकसंचांच्या मधोमध बाष्पक टांगलेली इंजिने वापरण्यात आली.

इंग्लंडमधील त्यांचे सर्वांत प्रसिद्ध काम म्हणजे स्टॅफर्डशायर परगण्यातील लीक अँड मॅनिफोल्ड व्हॅली लाइट रेल्वे. इ.स. १९०४ मध्ये सुरू झालेल्या या मार्गावर किटसन कंपनीची दोन २-६-४ टी इंजिने होती आणि त्यांपैकी एकाला कॅलथ्रॉप यांचेच नाव दिलेले होते. दुसऱ्याला निवासी अभियंता जे. बी. अर्ल यांचे नाव होते. इंजिनांचे मोठे दिवे आणि डब्यांच्या टोकांना असलेले सज्जे पाहता ही गाडी इंग्लंडच्या दरीपेक्षा दख्खनच्या माळावर अधिक शोभली असती. मोठ्या मापाची वाघीण जशीच्या तशी उचलून नेणाऱ्या वाहक वाघिणी ब्रिटनमध्ये प्रथम येथेच वापरात आल्या. मालाची चढउतार टाळण्याचा हा कॅलथ्रॉप यांचा उपाय होता. बार्शीच्या वेळी ज्या आक्षेपाला त्यांना सामोरे जावे लागले होते त्याचे हे उशिरा दिलेले उत्तर मानता येईल. हा मार्ग इ.स. १९३४ मध्ये बंद झाला.

नेरळ–माथेरान रेल्वे

मुंबईकरांना सर्वांत परिचित असलेले कॅलथ्रॉप यांचे काम माथेरानच्या डोंगरावर आहे. मुंबईतील उद्योगपती सर आदमजी पीरभॉय यांच्या भांडवलावर त्यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांनी हा मार्ग इ.स. १९०४ ते १९०७ या काळात बांधून घेतला. मार्गाची रुंदी दोन फूट (६१० मिमी) आणि लांबी सुमारे २१ किमी आहे. चढ काही ठिकाणी २० फुटांना १ फूट इतका तीव्र असून वळणे अत्यंत आवळ आहेत.

येथे बार्शीचा प्रश्न अधिक अवघड स्वरूपात उभा राहिला. चढासाठी सर्व चाकांची पकड हवी, म्हणजे सर्व आस जोडलेले हवेत. पण जोडलेले आस ताठ असतात आणि अशा वळणांवर ते चालत नाहीत. कॅलथ्रॉप यांच्या आराखड्यात यासाठी जर्मनीतील क्लीन-लिंडनर पद्धतीचा आस योजलेला होता. या पद्धतीत चाके एका पोकळ नळीवर बसवलेली असतात आणि खरा आस त्या नळीच्या आतून जातो. दोन्ही मध्यभागी गोलाकार सांध्याने जोडलेले असतात. आतला आस इंजिनाच्या चौकटीत सरळ राहून फिरतो, तर बाहेरची नळी चाकांसह थोडी तिरपी होते व बाजूला सरकते. त्यामुळे तिन्ही आसांना शक्ती मिळूनही पहिला व शेवटचा आस वळणाप्रमाणे स्वतःला वळवून घेतात. अशी चार ०-६-० टी इंजिने जर्मनीच्या ओरेन्स्टाइन आणि कोपेल या कंपनीने पुरवली. पावसाळ्याचे महिने वगळता ती १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत डोंगर चढत-उतरत राहिली.

पॅराशूट

इ.स. १९१० च्या जुलैमध्ये कॅलथ्रॉप यांचे मित्र व रोल्स-रॉइस कंपनीचे एक संस्थापक चार्ल्स रोल्स यांचा बोर्नमथ येथे विमान अपघातात मृत्यू झाला. या घटनेनंतर वैमानिकाला विमानातून सुखरूप खाली उतरवणारे साधन तयार करण्याच्या मागे कॅलथ्रॉप लागले. इ.स. १९१३ पर्यंत त्यांनी पॅराशूटचे पेटंट मिळवले. रेशमी छत्री एका पेटीत घडी करून ती पेटी विमानाला बसवलेली असे आणि माणसाने उडी मारताच त्याच्या वजनाने छत्री बाहेर ओढली जाऊन उघडत असे. उडी मारणाऱ्याला स्वतः काही करावे लागू नये, हा त्यामागचा विचार होता.

पहिले महायुद्ध सुरू झाल्यावर त्यांनी हे साधन रॉयल फ्लाइंग कोअरला देऊ केले. जानेवारी १९१७ मध्ये कॅप्टन क्लाइव्ह कॉलेट यांनी ऑर्फर्डनेस येथे विमानातून यशस्वी उडी घेतली. त्याच वर्षी शॅकल्टन यांच्या अंटार्क्टिक मोहिमेत सहभागी झालेले थॉमस ऑर्ड-लीस यांनी लंडनच्या टॉवर ब्रिजवरून उडी मारून पॅराशूट कमी उंचीवरही उघडते हे दाखवून दिले. तरीही ब्रिटिश वैमानिकांना युद्ध संपेपर्यंत पॅराशूट देण्यात आले नाही. साधनाचे वजन, छोट्या विमानात जागेचा अभाव आणि पॅराशूट असल्यास वैमानिक विमान वाचवण्याचा प्रयत्न न करता उडी मारतील ही वरिष्ठांची धारणा, अशी कारणे यामागे सांगितली जातात. यांतील पहिली दोन कारणे खोटी नव्हती. परंतु इ.स. १९१८ मध्ये जर्मन वैमानिक पॅराशूट वापरू लागल्यावर तिसऱ्या कारणाला फारसा अर्थ उरला नाही, आणि जळत्या विमानात अडकून मेलेल्या ब्रिटिश वैमानिकांची संख्या मात्र वाढत गेली. शत्रूच्या प्रदेशात हेर उतरवण्यासाठी हेच पॅराशूट वापरले गेले. ऑगस्ट १९१८ मध्ये इटलीच्या आघाडीवर अलेस्सांद्रो तांदुरा यांना अशा प्रकारे खाली सोडण्यात आले.

युद्धानंतर अमेरिकेत दोरी ओढून स्वतः उघडायचे, अंगावर बांधलेले पॅराशूट तयार झाले आणि १९२० च्या दशकात ब्रिटिश हवाई दलानेही तेच स्वीकारले. कॅलथ्रॉप यांची रचना वैमानिकांसाठी मागे पडली. उडी मारताच आपोआप उघडण्याचे त्यातले तत्त्व मात्र पुढे छत्रीधारी सैनिकांच्या पॅराशूटमध्ये वापरात राहिले.

अखेरची वर्षे

कॅलथ्रॉप यांचे वास्तव्य अनेक वर्षे इसेक्समधील लाउटन येथे होते. त्यांना अरबी घोड्यांची आवड होती आणि ते त्यांची पैदास करीत. घोड्याला मारहाण न करता, विश्वासात घेऊन शिकवावे या विचाराचे त्यांचे पुस्तक इ.स. १९२० मध्ये प्रकाशित झाले. ३० मार्च, इ.स. १९२७ रोजी त्यांचे निधन झाले.

डिझेल इंजिनांचा काळ

१ जानेवारी, इ.स. १९५४ रोजी बार्शी लाइट रेल्वे भारत सरकारने ताब्यात घेतली व ती मध्य रेल्वेत समाविष्ट झाली. याच दशकात माथेरानसाठी जर्मनीच्या युंग कंपनीकडून डिझेल इंजिने आली. पुढे चित्तरंजन येथील कारखान्याने देशातील ७६२ मिमी मार्गांसाठी डिझेल-हायड्रॉलिक इंजिने बांधली. या इंजिनांत डिझेल यंत्राची शक्ती तेलाने भरलेल्या परिवर्तकातून फिरत्या दांड्यांमार्फत आसांपर्यंत पोहोचवली जाते. जनित्र आणि विद्युत मोटारी यांचे वजन त्यामुळे वाचते, आणि एकमेकांना जोडलेले आस घसरण्याचा संभवही कमी होतो. हलक्या रुळांवर मर्यादित आसभारात जास्तीत जास्त ओढ मिळवण्याचा हा प्रश्न किटसनच्या आरेखकांपुढे होता तोच होता. फक्त बाष्पकाची जागा तेलाने घेतली.

मिरज–लातूर मार्गाचे रुंदीकरण एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या वर्षांत टप्प्याटप्प्याने पूर्ण झाले. अरुंद मार्ग ज्या उस्मानाबाद (आताचे धाराशिव) शहराला वगळून गेला होता, त्या शहरातून नवा रुंद मार्ग नेण्यात आला. कुर्डुवाडीची कार्यशाळा अद्याप चालू आहे. माथेरानच्या वाफेच्या इंजिनांपैकी एक नेरळ स्थानकाजवळ जतन करून ठेवलेले आहे.